जोडखात्याला दोन सह्या

भोर-वेल्ह्याकडे गेलो की पारावर एक विषय हमखास निघतो. तीस-चाळीस उंबऱ्यांच्या वाड्या, एका ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावे. मग शेजारच्या दोन ग्रामपंचायती एक का करू नयेत? खर्च वाचेल हे खरेच. माझा प्रश्न वेगळा आहे. अर्ज कोणी करायचा?

गावाची हद्द बदलण्याचा अधिकार शासनाचा. १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे पंचायतीचा आणि जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीचा विचार घेऊन अधिसूचना निघते. गावाच्या हातात असते ते पहिले पान: अर्ज आणि ग्रामसभेचा ठराव. त्या सभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली कमी संख्या पुरते. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधनच नसते. कर्ती माणसे पुण्या-मुंबईला. मग ठराव कितीजणांचा?

या मुलखाला विलीनीकरण नवे नाही. ८ मार्च १९४८ला भोर संस्थान मुंबई प्रांतात गेले. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड हे त्याचे तालुके. सही राजांची होती. आता राजे नाहीत, तेव्हा सही गावाची हवी. वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचे म्हटले, तर ७० पैकी ५८ ग्रामपंचायतींनी अनुकूल ठराव दिले, २०२१मध्ये जिल्हा परिषदेनेही केला. नुसत्या नावासाठी एवढी विचारपूस! आणि फुरसुंगी, उरुळी देवाची २०१७मध्ये पुणे महापालिकेत गेली. २०२४मध्ये बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. आधी नीट विचारले असते तर हा हेलपाटा कदाचित वाचला असता.

मी बँकेत होतो. जोडखाते उघडायचे तर दोघांच्याही सह्या लागत, मग शिल्लक एकाचीच का असेना. पंचायतींचेही तसेच असावे. धाकट्या गावाची सभा वेगळी भरवावी, तीही जत्रेच्या दिवसांत, चाकरमानी घरी असताना. आधी महिलांची सभा घ्यावी. घरपट्टी कोणत्या दराने, गायरान कोणाचे, नळयोजनेची थकबाकी कोणाच्या माथी, हे ठरावातच लिहावे.

आणि कार्यालय कोणत्या गावात? पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की पलीकडच्या म्हातारीने दाखल्यासाठी यायचे कसे, हेही त्याच कागदावर आले पाहिजे.