गाण्याने बुद्धी वाढते काय?

हल्ली गाणे शिकवणाऱ्याला एक नवा प्रश्न ऐकावा लागतो. पूर्वी पालक विचारीत, "मुलीचा गळा बरा आहे ना?" आता विचारतात, "गाण्याने मेंदू तल्लख होतो म्हणतात; गणितात काही फरक पडेल का हो?" माझे वडील दरबारी गवई. त्यांच्यापाशी असा प्रश्न काढण्याची कोणाची छाती झाली नसती. पण प्रश्न आला आहे, तेव्हा त्याचे सरळ उत्तर दिले पाहिजे.

या समजुतीचे मूळ अमेरिकेत आहे. १९९३ साली कॅलिफोर्नियात फ्रान्सिस राउशर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. मोझार्टची दोन पियानोंची एक रचना दहा मिनिटे ऐकल्यावर आकृत्यांच्या एका परीक्षेत विद्यार्थ्यांचे गुण वाढले, आणि दहापंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. प्रयोगात लहान मूल एकही नव्हते, गाणे शिकण्याचा तर संबंधच नव्हता. तरीही १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बालकांना अशा संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्यासाठी सरकारी पैसा मागितला! पुढच्याच वर्षी इतर शास्त्रज्ञांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम हाती लागला नाही.

ऐकणे वेगळे, शिकणे वेगळे, असे कोणी म्हणेल. तेही तपासले गेले आहे. २००४ साली टोरांटोच्या ग्लेन शेलेनबर्ग यांनी सहा वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात संगीत शिकलेल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ने वाढला, इतरांचा ४.३ने. म्हणजे फरक तिनाच्याही आत. २०२० साली साला व गोबे यांनी असे अनेक अभ्यास एकत्र ताडून पाहिले. जिथे तुलना काटेकोर होती, तिथे फरक जवळजवळ उरला नाही.

मग संगीत वैद्यकाच्या काहीच कामाचे नाही काय? तसेही नाही. २००८ साली हेलसिंकीत पक्षाघाताच्या ६० रुग्णांचा अभ्यास झाला. जे रोज आवडीचे संगीत ऐकत, त्यांची शब्दस्मृती व अवधान इतरांपेक्षा अधिक सुधारले. डाव्या मेंदूला इजा होऊन वाचा गेलेल्या काही रुग्णांकडून शब्द सुरात म्हणवून घेण्याची पद्धत बोस्टनमध्ये १९७३पासून रूढ आहे. मात्र हे सारे औषधोपचाराच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

माझी खरी काळजी इथेच आहे. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयाच्या सुमारे ७.३ टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. अशा मुलाविषयी घरात म्हटले जाते, "गाण्याला घाला, मन रमेल." मन रमतेही. पण झोप उडालेले, जेवण टाकलेले, सहा महिने कोणाशी न बोललेले मूल तानपुऱ्यापाशी बसवून डॉक्टरांना टाळणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. आपल्या जुन्या घरांत लौकिकाची भीती मोठी. "लोक काय म्हणतील" या धाकापायी वर्षे वाया जातात. ऑक्टोबर २०२२पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. तिथे फोन केल्याने कोणाच्या घराण्याला बट्टा लागत नाही.

गायनशिक्षकानेही आपली पायरी ओळखावी. मूल आठवड्यातून दोनदा आपल्यासमोर बसते. त्याचा आवाज बसलेला आहे की मन बसलेले आहे, हे पुष्कळदा आपल्या कानाला आधी कळते. तेव्हा घरी सांगावे. उपाय मात्र वैद्याचा.

१८८६ साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, ती गाणे शिकवण्यासाठी. गणिताला गणिताचे मास्तर आहेत, आजाराला डॉक्टर आहेत. मुलाला षड्ज लावता आला, तर त्याला षड्ज लावता आला. एवढ्यासाठी त्याला जरूर पाठवा.