मधल्याचा विनोद

ऐतरेय ब्राह्मणांतील शुनःशेपाची कथा वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. अजीगर्त ऋषि उपासमारीनें गांजलेला, मुलगे तीन. राजपुत्र रोहित शंभर गाईंच्या मोबदल्यांत एक मुलगा मागावयास आला, तेव्हां बापानें थोरल्याला जवळ घेतलें, आईनें धाकट्याला. उरला मधला, तो गेला! पुढें त्याला यूपाला बांधण्याचे आणखी शंभर व मारण्याचे आणखी शंभर गाई ठरवून बापच पुढें सरसावला.

प्रस्तुत लेखकही तिघां भावांतला मधला. थोरल्याचा जुना कोट आणि धाकट्याच्या खोड्यांचा मार, दोन्ही माझ्या वांट्यास येत. "आमच्या घरचा शुनःशेप मी, फरक इतकाच कीं, माझ्यासाठीं गाई घेऊन कोणी आलें नाहीं," असें मी चारचौघांत म्हणे. मंडळी हंसत, आईही हंसे. वस्तुतः माझे वडील अजीगर्त नव्हते. बारा माणसांच्या संसारांत ते थकून गेलेले होते. हें मला कळलें तेव्हां उशीर झाला होता. शुनःशेपानें निदान बापाला तोंडावर विचारलें, आणि मगच तो विश्वामित्राच्या घरचा झाला. मीं चाळीस वर्षें केवळ विनोद केला. आईवडील गेले, विनोद राहिला.

परवां पंक्तीला माझ्या मुलानें मधल्या नातवाला नेहमींप्रमाणें थोरल्याच्या नांवानें हांक मारली. पोरगा म्हणाला, "हजर! माझें नांव सांपडेपर्यंत हेंच चालूं द्या, बाबा." सारी पंक्त खळखळून हंसली. माझा घास मात्र हातांतच राहिला.

विनोदाचा गुण असा कीं, जें रडून सांगतां येत नाहीं, तें हंसून सांगतां येतें, आणि ऐकणाऱ्याचा अपमानही होत नाहीं. दोष असा कीं, त्याला दाद मिळते, आणि दाद मिळाली कीं चौकशी संपते.

रात्रीं मुलाला ओटीवर बोलावून म्हटलें, "अरे, तो थट्टा करीत नव्हता, अर्ज करीत होता." तो कांहीं बोलला नाहीं. दुसरे दिवशीं मधल्याला एकट्यालाच घेऊन तो मंडईंत गेला. परत आल्यावर पोरगा तासभर बोलत होता. त्यांत विनोद एकही नव्हता.