शिंगणापूरच्या वहीत न चढलेली नोंद

जुलै 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शनिशिंगणापूर देवस्थानाच्या कारभाराबद्दल विधानसभेत जे सांगितले, त्यावर राजकारणाच्या आणि श्रद्धेच्या अंगाने भरपूर बोलले गेले. मुख्य आरोप दोन होते. बनावट ॲपवरून भाविकांकडून पूजेचे पैसे घेतले गेले, हा एक. देवस्थानाच्या पटावर दोन हजारांहून अधिक कर्मचारी दाखवले गेले, त्यातले तीनशेहून अधिक एकट्या रुग्णालयाच्या नावावर, हा दुसरा. दोषी कोण, ते तपास आणि न्यायालय ठरवील. माझे म्हणणे वेगळेच आहे: अकरावी-बारावीच्या हिशेबाच्या तासाला फळ्यावर मांडावी, अशी यापेक्षा चांगली बातमी नगर जिल्ह्यात क्वचितच सापडेल.

बारावीच्या पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात नफा न कमावणाऱ्या संस्थांच्या हिशेबांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या उदाहरणांत कुठले तरी क्रीडा मंडळ किंवा वाचनालय असते, वर्गणी आलेली असते, थोडी येणे असते, फर्निचरवर घसारा काढायचा असतो. विद्यार्थी प्राप्ती-शोधन खात्यावरून उत्पन्न-खर्च खाते तयार करतो, ताळेबंद जुळला की पूर्ण गुण. या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे दिलेली प्रत्येक रक्कम खरी आहे आणि खरी असलेली प्रत्येक रक्कम दिलेली आहे. शिंगणापूरच्या बातमीने नेमके हेच गृहीतक दोन्ही बाजूंनी मोडले. भाविकाने फोनवरून पैसे भरले आणि ते परस्पर दुसऱ्याच खात्यात गेले, तर देवस्थानाच्या वहीत नावेलाही काही नाही, जमेलाही काही नाही. तेरीज बिनचूक जुळते. उलट, जो माणूस कामावर नाही त्याचा पगार पडला, तर वेतन खाते नावे आणि बँक खाते जमा, नोंद नियमाप्रमाणे पूर्ण. तेरीज पुन्हा जुळते. पहिल्यात व्यवहार आहे पण नोंद नाही, दुसऱ्यात नोंद आहे पण खरा व्यवहार नाही. तेरीज जुळणे म्हणजे हिशेब खरा असणे नव्हे, हे वाक्य पाठ्यपुस्तकात असतेच, पण पोरांच्या डोक्यात ते इतक्या ठसठशीतपणे दुसऱ्या कशाने उतरणार?

मग पुढचा प्रश्न आपोआप येतो: जुळलेल्या वहीतली ही खोट पकडायची कशी? उत्तर वहीबाहेर आहे. किती पूजा झाल्या याची गुरुजींकडची नोंद, पावत्यांचे अनुक्रमांक आणि बँकेचा उतारा ही तीन कागदपत्रे वेगवेगळ्या हातांत असतील, तरच एकमेकांना तपासता येतात. पगारपत्रकाशेजारी हजेरीपट आणि भविष्य निर्वाह निधीचा भरणा ठेवावा लागतो. रुग्णालय असेल तर बाह्यरुग्ण विभागात रोज किती रुग्ण तपासले, तेही पाहावे लागते. पैसे घेणारा, नोंद करणारा आणि ताळा पाहणारा ही माणसे वेगळी का असावीत, याची व्याख्या पाठ करण्याची मग गरज उरत नाही.

याच जिल्ह्यात बाकीची प्रकरणेही हाताशी आहेत. साखर कारखान्याने ऊस घेतल्यावर चौदा दिवसांत शेतकऱ्याचे पैसे द्यायचे, पण साखर विकायची वर्षभर, केंद्राने ठरवलेल्या कोट्याप्रमाणे. नफा आणि रोकड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे शिकायला कारखान्याचा अहवाल पुरेसा आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये साखरेची किमान विक्री किंमत क्विंटलला 3,100 रुपये ठरली. उसाची एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा रास्त आणि किफायतशीर दर, त्या वर्षीच्या 275 रुपयांवरून 2025-26 च्या हंगामाला 355 रुपयांवर पोचली, किमान किंमत मात्र हंगाम सुरू होताना तिथेच होती. आता 31 मार्चला गोदामातल्या साखरेची किंमत किती धरायची, हा प्रश्न सोडवून दाखवा म्हणावे. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने परवाना रद्द केलेली नगर अर्बन बँक: ठेव ही ठेवीदाराची मालमत्ता आणि बँकेचे देणे असते, तर कर्ज ही बँकेची मालमत्ता, पण वसूल होईल तेवढीच. घरात कुणाची तरी ठेव अडकलेली असेल, तर हे समजावायला वेळ लागत नाही.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असेल. परीक्षेत घसाऱ्याचे आणि भागीदारीचे गणित येते, बातमी येत नाही. शिवाय रोजकीर्द, खतावणी हाताला बसल्याशिवाय बातमीतले कळणार काय? यातला दुसरा भाग मला मान्य आहे. सरावाला पर्याय नाही आणि बातमीने सरावाची जागा घ्यावी, असे मी म्हणतही नाही. पण महिन्यातला एखादा तास गेल्याने अभ्यासक्रम बुडत नाही. सराव कशासाठी चालला आहे हे कळलेल्या मुलाचा हात उलट लवकर बसतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बातमी अपुरी असते, आरोप सिद्ध झालेला नसतो, वर्गात एखाद्याला चोर ठरवले जाईल. धोका खरा आहे. पण आरोप आणि पुरावा यांतला फरक शिकवणारा विषय शाळेत कोणता असेल, तर तो हाच. हिशेबाची पहिली अट म्हणजे प्रमाणक, म्हणजेच नोंदीमागचा कागद. ‘हे सिद्ध करायला कोणता कागद लागेल?’ एवढाच प्रश्न शिक्षकाने विचारला, तर वर्गात कुणाचे नाव घेण्याची वेळच येणार नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा. ज्या गावात घरांना दारे लावत नाहीत, जिथे 2011 मध्ये युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली, तिथे देवाच्या पैशाचा ताळा मागणे अनेकांना खटकते. पण त्या शाखेतही रोजची रोकड मोजूनच दिवस बंद होत असणार. कुलूप नसले म्हणून रोकड पुस्तक कुणी बंद केलेले नाही. सार्वजनिक न्यासाच्या हिशेबाचे लेखापरीक्षण 1950 च्या कायद्यानेच बंधनकारक केले आहे, ते देवावर अविश्वास म्हणून नव्हे. भाविक पैसे देवाला देतो, विश्वस्ताला नाही; संस्था आणि ती चालवणारा माणूस वेगळे, हे लेखाकर्मातले पहिले तत्त्व त्याने न शिकताच मान्य केलेले असते.

सोनई, नेवासे, राहुरी, नगर इथल्या वाणिज्य शिक्षकांनी येत्या सत्रात क्रीडा मंडळाचे एक उदाहरण गाळावे आणि त्या जागी आपल्या गावच्या देवस्थानाचा, पतसंस्थेचा किंवा कारखान्याचा छापील अहवाल मुलांच्या हाती द्यावा. वार्षिक सभेत तो वाटला जातो आणि बहुतेक वेळा न वाचताच घरी येतो.