पद्म पुरस्काराचे आठशे शब्द

पद्म पुरस्कारांच्या नियमांतील एक तरतूद कृषी संशोधनाशी संबंधित असलेल्यांनी लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. सेवेत असलेले शासकीय व सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी या पुरस्कारांस पात्र नसतात. अपवाद डॉक्टर व वैज्ञानिकांचा. म्हणजे गव्हाचे वाण विकसित करणारा शासकीय शास्त्रज्ञ पात्र, ते बांधापर्यंत पोहोचविणारा शासकीय विस्तार कर्मचारी मात्र निवृत्तीपर्यंत अपात्र. हा भेद खटकतो. परंतु शेतकऱ्याच्या वाट्याची अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती नियमांत कोठे लिहिलेलीच नाही.

कागदोपत्री दार सर्वांना खुले आहे. कोणीही कोणाचेही, अगदी स्वतःचेही, नामांकन ऑनलाइन करू शकतो. सोबत कमाल ८०० शब्दांत कार्याचे असाधारणत्व मांडावे लागते. प्राध्यापकाच्या हाताशी शोधनिबंधांची यादी असते. आयुष्यभर भाताचे देशी वाण जपणाऱ्याकडे असते ती बियाण्याची कणगी. त्यातही मुदत पाहावी. २०२६ च्या पुरस्कारांसाठी ती सुरुवातीला १५ मार्च ते ३१ जुलै २०२५ अशी जाहीर झाली होती. मशागत, पेरणी आणि लावणी यांतच ती सरते.

तरीही अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे (२०२०), वायनाडचे चेरुवयल रामन (२०२३) आणि कासरगोडचे सत्यनारायण बेलेरी (२०२४) पद्मश्रीच्या यादीत आले. राहीबाईंच्या बियाणे बँकेस बाएफ संस्थेची साथ लाभली होती. प्रत्येक बीजरक्षकाला अशी साथ मिळतेच असे नाही.

ही उणीव कृषी विज्ञान केंद्रांनी भरून काढावी. देशात ती सातशेहून अधिक आहेत. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी करताना वाणाचे गुणधर्म, मूळ व लागवडीची माहिती लेखी द्यावी लागते. आठशे शब्दांचे निम्मे साहित्य तेथेच तयार होते. यात वशिलेबाजी शिरेल ही शंका रास्त आहे. म्हणून नावे एकट्या केंद्रप्रमुखाने न ठरविता परिसरातील बियाणे नेणाऱ्या शेतकऱ्यांना विचारून ठरवावीत.

पुरस्कारासोबत रोख रक्कम नसते. १९९५ च्या बालाजी राघवन प्रकरणातील निकालानुसार तो नावाला जोडण्याची पदवीही नव्हे. शेतकऱ्याला लाभते ती दखल, आणि त्याच्या वाणाला नवे मागणीदार. तेवढ्यासाठी फेब्रुवारीत, शेतकऱ्याला उसंत असताना, मसुदा लिहून तो त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. चूक असेल तर तोच दुरुस्त करील.