बॉबी ऑरचा वकील नेमका कुणाचा होता?

आइस हॉकी आपल्याकडे फारसं कुणी बघत नाही, तरी बॉबी ऑरची गोष्ट वाचाच. कॅनडातल्या पॅरी साउंड या छोट्या गावातलं पोरगं. 1966 ला, 18 व्या वर्षी, बोस्टन ब्रुइन्सकडून खेळायला लागलं. बचावपटू असून एनएचएलच्या हंगामात सर्वाधिक गुण मिळवणारा हा एकटाच, तेही दोनदा. गुडघ्यांनी दगा दिला आणि 30 व्या वर्षी खेळ संपला.

पण हातात काय उरलं? मालमत्तेपेक्षा देणी जास्त. व्यवहार बघायचा वकील अ‍ॅलन ईगलसन. ऑर सांगतो, 1976 मध्ये बोस्टन संघाच्या मालकीत हिस्सा द्यायला तयार होता, ते मला कळवलंच नाही. तो शिकागोला गेला.

गंमत म्हणजे हाच ईगलसन खेळाडूंच्या युनियनचाही प्रमुख! वर संघमालकांशी घसट. आता भांडणार कुणासाठी? माझ्या मते खरी चूक इथेच, एका माणसाकडे दोन्ही चाव्या देण्यात. विश्वासावर चाललंय म्हणून हिशेब कुणी मागितलाच नाही.

मागितला तो रस कॉनवेने. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्सच्या ‘ईगल-ट्रिब्यून’ या स्थानिक पेपरचा क्रीडा संपादक. (आम्हा गावाकडच्या पत्रकारांची कॉलर जरा ताठ होते बघा.) 1991 पासून त्याने जुन्या खेळाडूंना गाठून कागद बाहेर काढले. 1998 ला ईगलसनने गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेला. हॉल ऑफ फेममधलं नावही गेलं. ऑरसह जुन्या खेळाडूंनी बजावलं होतं, तो राहणार असेल तर आमची नावं काढा.