माझ्या नावाची करी

पुण्यात कोरेगाव पार्कच्या बाजूला एक ‘एशियन किचन अँड बार’ आहे. नाव सांगत नाही, कारण तक्रार त्या एका हॉटेलपुरती नाही. लाल कागदी कंदील, भिंतीवर भला मोठा हसरा बुद्ध, आणि उजेड इतका कमी की मेनू वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागते. जपानची सुशी, कोरियाचं किमची, ब्रह्मदेशाचा खाऊ सुए आणि आपला ठेचा घातलेला बाओ, म्हणजे वाफवलेला मऊ पाव, सगळं एकाच पानावर. मी तिथे दोनदा जेवलो आहे. एकदा ऑफिसातल्या मंडळींबरोबर, एकदा घरच्यांबरोबर.

पहिल्यांदा गेलो ते एका सहकाऱ्याच्या निरोपासाठी. आम्ही अकरा जण, त्यात मुसलमान मी एकटा. ऑर्डर घ्यायला मुलगा आला तेव्हा मी हळूच विचारलं, चिकन हलाल आहे का? गाण्यांचा आवाज एवढा होता की त्याला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा मोठ्याने विचारावं लागलं आणि ते सगळ्या टेबलाने ऐकलं. मुलगा म्हणाला, “सर, एकदम फ्रेश आहे.” मी म्हटलं, ते नाही विचारत. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, “मॅनेजर बोलले, आपल्याकडे असं काही नसतं.”

असं काही! टेबलावर क्षणभर शांतता. मग एक मित्र म्हणाला, “अरे यार, आज एक दिवस सोड की.” दुसऱ्या बाईंनी माझी बाजू घेतली, पण ती अशी: “तो तसा कट्टर नाहीये हो.” मराठी मुसलमानाला हे वाक्य नवीन नाही. ते प्रेमानेच म्हटलं जातं, म्हणून त्याला उत्तरही देता येत नाही.

याच टेबलावर आमची एक जैन सहकारी बसली होती. तिने कांदा, लसूण, बटाटा नको म्हटलं, तर मुलाने मेनूतली ‘जे’ अक्षराची खूण दाखवली. एकाने “आज गुरुवार आहे” एवढंच सांगितलं आणि ते पुरलं. एकाला गव्हाचा त्रास होतो, त्याच्यासाठी सोया सॉस वेगळा आला. हे सगळं व्हायलाच हवं. पण तिथे “गुरुवार आहे” हे पूर्ण उत्तर होतं आणि “हलाल आहे का” हा आख्ख्या टेबलाचा मूड घालवणारा प्रश्न होता.

मी भाज्यांचे डिमसम आणि टोफू मागवले. डिमसम खरंच छान होते, पारी इतकी पातळ की आतलं गाजर बाहेरून दिसावं. टोफूच्या रश्शाला मात्र वेगळा वास होता. विचारलं तर उत्तर आलं, “थोडी राइस वाइन असते सर, पण शिजताना उडून जाते.” हे ‘उडून जाते’ आपण सगळेच ऐकतो आणि बरेचदा त्यावर विसंबतो. खरं तर ती पूर्ण उडत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने यावर तक्तेच केलेले आहेत. पदार्थात दारू घालून पंधरा मिनिटं उकळलं तर सुमारे ४० टक्के अल्कोहोल मागे राहतं. वरून ओतून पेटवलेल्या पदार्थात तर ७५ टक्क्यांच्या आसपास. जपानी स्वयंपाकातली मिरीन ही तांदळाची गोड दारू, पारंपरिक प्रकारात साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. चिनी पदार्थांतली शाओशिंगही तांदळाचीच. आपण मात्र सगळा प्रश्न कोंबडी कशी कापली इथेच संपवतो. आमच्यातले कितीतरी लोक चिकनबद्दल खोदून विचारतात आणि वाटीतल्या सॉसबद्दल एक शब्द काढत नाहीत. मीही त्यातलाच होतो.

त्या रात्री मी सोडून जवळजवळ सगळे प्यायले. पिऊ देत. सहज सांगतो, १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात दारू प्यायला अजूनही परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो. तो आमच्या टेबलावर एकाकडेही असेल असं मला वाटत नाही. पण त्या रात्री नियमांवर अडून बसलेला माणूस म्हणून गणला गेलो तो मी.

आणि मग बिल. “इक्वल करून टाकू, हिशेब कोण करत बसणार?” टोफू खाणाऱ्याने व्हिस्कीचा अकरावा भाग भरला. गंमत अशी की हिशेब करायला काहीच लागत नाही. दारू जीएसटीत येत नाही, तिच्यावर व्हॅट लागतो, म्हणून खाण्याचे आणि पिण्याचे आकडे बिलातच वेगळे छापलेले असतात. खाण्याच्या आकड्याला अकराने भागा, पिण्याच्या आकड्याला पिणाऱ्यांच्या संख्येने. पण हे त्या वेळी तोंडातून निघत नाही. हलालचं विचारून झाल्यावर वर पैशांचंही काढलं तर माणूस कंजूषही ठरतो.

घरी येऊन मामूंना सांगितलं. ते म्हणाले, चूक तुझीच आहे. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तिथे बसूच नये, हदीसमध्ये आलं आहे. मामूंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. त्यांनी आयुष्यभर ते पाळलं आहे. पण त्यांचं आयुष्य गेलं स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर. आमच्या पिढीचं निम्मं काम मीटिंगमध्ये होतं आणि उरलेलं निम्मं अशा टेबलांवर. कोणाला पुढचा प्रोजेक्ट द्यायचा, कोण ‘आपला’ माणूस, हे तिथे ठरतं. नोकरीला लागलेली आमची मुलं दोन-तीनदा “नको, मला काम आहे” म्हणतात आणि चौथ्यांदा त्यांना कोणी बोलावत नाही. काही जण उलट करतात. प्रश्नच विचारत नाहीत, समोर येईल ते खातात आणि रात्री घरी मन खात राहतं. मला यातलं काहीच नको आहे. मला बसायचंही आहे आणि विचारायचंही आहे.

तसं पुण्याला ताटातल्या आणि कपातल्या भानगडींची सवय जुनी आहे. १८९०मध्ये याच शहरात पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कोणी घेतली, कोणी नुसता कप हातात धरला. पण नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. त्या नावांत रानडे होते आणि टिळकही होते. चहाच्या एका कपापायी प्रायश्चित्ताची चर्चा वर्षानुवर्षं चालली. ज्या शहराने हे पाहिलं त्याला माझा सॉसबद्दलचा प्रश्न एवढा परका वाटायचं काही कारण नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते मुलीच्या हट्टाने. बारावीचा निकाल लागला होता आणि तिला सुशी खायची होती. आमच्या अम्मींनी निघताना नेहमीचं वाक्य म्हटलं, “क्या क्या डालते की उसमें, संभाल के खाओ.” या वेळी मी शहाणपणा केला. गर्दीच्या आधी, सात वाजताच गेलो. गाणी अजून सुरू झाली नव्हती. मुलीनेच विचारलं. माझ्यासारखं खाली बघून नाही, सरळ: “चिकन हलाल आहे का, आणि कुठल्या सॉसमध्ये वाइन आहे?”

त्या दिवशीचा मुलगा वेगळा होता. तो म्हणाला, मला माहीत नाही, शेफना बोलावतो. शेफ दार्जिलिंगकडचा, तिशीतला, हात पुसत बाहेर आला. आधी काही वर्षं दुबईत काम केलेलं, त्यामुळे त्याला प्रश्न नवा नव्हता. म्हणाला, चिकन देणारा सप्लायर हलालच देतो, कागद आतल्या फायलीत आहे, पाहिजे तर दाखवतो. टेरियाकी, रामेन, टोफूचा तो रस्सा, हे घेऊ नका, त्यात मिरीन किंवा वाइन असते. सुशीचा भात नुसत्या सिरक्याचा आहे. थाई कऱ्या बिनधास्त घ्या, कढई वेगळी धुऊन घेतो.

म्हणजे पहिल्या रात्रीही कोंबडी हलालच होती. “असं काही नसतं” असं ज्यांनी सांगितलं त्यांनी फाइल उघडण्याचे कष्ट घेतले नव्हते, एवढंच. मला राग यायला हवा होता. पण आधी हसू आलं.

शेफने आम्हाला मस्सामन करी घ्यायला सांगितली. मेनूवर तिचं वर्णन ‘शाही थाई करी’ असं होतं. हे नाव ‘मुसलमान’ या शब्दावरूनच आलं, असं बहुतेक जाणकार मानतात. सयाममध्ये आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर वेलची, दालचिनी, लवंग, जायफळ थाई रश्शात उतरलं. करी आली. नारळाचं दूध, बटाटा, शेंगदाणे, चिंच. बायकोने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “हे तर आपलं सालनच की. फक्त गोड जास्त झालंय.” खरोखरच गोड जास्त होतं, पुण्यातल्या गिऱ्हाइकाला धरून केलं असावं. पण मी मनात म्हणत होतो, मागच्या खेपेला माझ्या नावाची करी याच पानावर होती आणि मी टोफू खाऊन घरी गेलो.

त्या मेनूत असं बरंच आहे. रेंडांग हे पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ मुसलमानांचं. चियांग मायच्या खाओ सोईचा संबंध युनानहून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांशी जोडला जातो. हाताने ओढून केलेल्या लान्झोऊच्या नूडल्स चीनमधल्या हुई मुसलमानांच्या. त्यांच्याकडे हलालला स्वतःचा चिनी शब्द आहे, छिंगचन, म्हणजे शुद्ध आणि खरं. आशियाच्या नावाने चालणाऱ्या हॉटेलात हलालबद्दल विचारणारा माणूस विचित्र ठरतो, ही गोष्ट इंडोनेशियात कोणाला सांगितली तर त्याचा विश्वास बसणार नाही.

सगळं गोड गोड झालं असंही नाही. शेवटी मागवलेल्या आंब्याच्या पुडिंगचे दोन चमचे खाऊन झाल्यावर मुलीला जिलेटिन आठवलं. मुलगा पाकीट बघून आला. त्यावर प्राण्याचं नाव नव्हतं. आम्ही चमचे खाली ठेवले. त्याने ते बिलातून काढलं, मी परत घालायला लावलं. त्याचा काय दोष?

हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा जड झाला आहे हे मला कळतं. उत्तर प्रदेशात नोव्हेंबर २०२३मध्ये हलाल प्रमाणपत्राच्या मालावर बंदी आली. आपल्याकडे मार्च २०२५मध्ये मंत्री नितेश राणे यांनी झटका मटणासाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्र जाहीर केलं. झटका हवा असणाऱ्याने तसं विचारावं, शिखांना तर ते धर्मानेच सांगितलं आहे. माझी हरकत आहे ती कोणाकडून घेऊ नका हे सांगण्याला. पण या गदारोळाचा परिणाम असा झाला की ‘हलाल’ हा शब्द हॉटेलात उच्चारला की मॅनेजरला राजकारण ऐकू येतं. मला फक्त भूक लागलेली असते.

मी त्या हॉटेलला एक मेल लिहिला आहे. मोठी मागणी नाही. ज्या पदार्थांत वाइन, डुकराची चरबी किंवा जिलेटिन आहे त्यांच्यापुढे एक खूण करा, ‘जे’सारखीच. चिकन कुठलं आहे ते विचारलं तर फाइल उघडा. उत्तर आलं आहे, “आपल्या सूचनेचा विचार केला जाईल.”

दरम्यान ऑफिसात आणखी एकाचा निरोप ठरला आहे, जागा तीच. या वेळी मी आधीच ग्रुपवर टाकलं, जेवणाचे पदार्थ मी शेफशी बोलून ठरवतो, आणि खाण्याचं-पिण्याचं बिल वेगळं करू. बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग मागच्या वेळी “आज एक दिवस सोड की” म्हणणाऱ्याचा मेसेज आला: “त्या दिवशी संकष्टी आहे. माझंही विचारून ठेव, चंद्रोदयाआधी काय मिळेल?”