ब्रेक नसलेल्या ट्रॉलीत ऊस भरू नका

हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडच्या रस्त्यांवर एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या धावतात. अपघात झाला की आपलं ठरलेलं वाक्य, "ड्रायव्हरची चूक." मला हे साफ नामंजूर आहे.

साधा हिशोब बघा. ट्रॅक्टरचं वजन दोन-अडीच टन. मागं ऊस धरून वीस टनांच्या आसपास. आणि ब्रेक? बहुतेक ट्रॅक्टरना फक्त मागच्या दोन चाकांना! ट्रॉलीला काहीच नाही. तवंदी घाटाच्या उतारावर ड्रायव्हरनं कितीही पाय दाबू दे, मागचा बोजा ट्रॅक्टरला रेटणारच. त्यात वेग दुप्पट झाला की त्या बोजाची गतिज ऊर्जा चौपट होते. बैलगाडीला निदान बैल तरी अंग मागं टाकून तोलायचे.

उपाय आहे की ओ! ट्रॉलीच्या चाकांना डिस्क आणि कॅलिपर बसवायचे, ट्रॅक्टरच्या ब्रेकला वाल्व जोडायचा. पाय दाबला की ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक तेलाचा दाब पाइपातून ट्रॉलीकडं जातो, सगळी चाकं एकदम धरली जातात. डिस्क उघडी असते, लवकर थंड होते. एक मात्र सांभाळा : कॅलिपर त्याच तेलावर चालणारा हवा. कारचा जुना कॅलिपर बसवला तर त्याचे रबरी सील फुगून निकामी होतात. हे गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याचं काम नव्हे.

"खर्च कोण करणार?" म्हणे. ट्रॉलीला रंग, झालर, स्पीकर लावताना हा प्रश्न पडत नाही. "तीन-चार महिन्यांचंच काम आहे." मग माणूस काय हंगामापुरताच मरतो?

बँकेत ट्रॉलीच्या कर्जाच्या फायली मी वर्षानुवर्षं बघितल्या. कोटेशन, मार्जिन, तारण, विमा, सगळ्याला रकाना. ब्रेकला रकाना नाही! पैसे बुडू नयेत म्हणून एवढे कागद, आणि माणसासाठी एकही नाही.

कारखाने वाहतूकदाराला करार करून उचल देतात. त्याच करारात एक ओळ घाला : ट्रॉलीला ब्रेक नसेल तर उचल नाही. बँकांनी ब्रेकचा खर्च कर्जात धरावा. काट्यावर किलोकिलोचा हिशोब होतो, तिथंच ब्रेकही तपासा.

आणि शेतकरी बंधूंनो, ऊस तुमचा आहे. भरायच्या आधी ट्रॉलीखाली वाकून बघा.